दोन व्याह्यांत मिळून एक तृतीयांश जठर

शुक्रवार, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे. शिरड शहापूर येथे साखरपुड्याच्या पंगतीतून दोन माणसे उठली. पहिले नवरीचे वडील वैजनाथ पतंगे. त्यांच्यामागून एका मिनिटाच्या आत नवऱ्याचे वडील, हट्टा गावचे अमृतराव. पंगतीत तेव्हा एकशे दहा पाने होती आणि दुसरा भात यायचा होता. वैजनाथ मागच्या दाराने गेले, अमृतराव पुढच्या. दोघांनीही हात धुतले नाहीत आणि कोणाला काही सांगितले नाही.

साल २००३, मे महिना. व्याही पंगतीत बसलेला असताना नवरीच्या बापाने उठणे हा अपमान, आणि नवरीच्या बापाच्या दारात वरबापाने पान टाकून जाणे हा त्याहून मोठा. एका मिनिटात दोन्ही झाल्यामुळे कोणाचा अपमान कोणी केला हे पंगतीला ठरवता येईना. काही जणांनी हातातला घास खाली ठेवला. काही जणांनी तो आधी तोंडात टाकला आणि मग हात थांबवला.

कारण सांगायचे तर वैजनाथांना जठर नव्हते.

दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका दवाखान्यात ते पूर्ण काढण्यात आले होते आणि अन्ननलिका खाली थेट आतड्याला जोडण्यात आली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे सगळ्यांचेच म्हणणे होते, वैजनाथांचेही. फक्त त्यानंतर जेवण या गोष्टीचे स्वरूप बदलले. दिवसातून सहा वेळा, एका वेळी अर्धी भाकर, तीही वरणात कुस्करून, एकेक घास बत्तीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही. गोड तर अजिबात नाही. गोड पोटात गेले की पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडू लागे, सदरा घामाने भिजे, कानात भुंगा शिरे आणि पोटातून असा आवाज येई की शेजारचा माणूस मागे वळून पाही. त्यावर उपाय एकच, अर्धा तास आडवे होणे. वैजनाथ जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. तिथला परिचर धनसिंग दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यांना हे सोपे करून सांगे. साहेबांच्या कालव्याला गेट राहिलेलं न्हाई, सोडलं की पाणी थेट टेलला, शेवटच्या वावरात.

वैजनाथ गावोगाव फिरून शेतकऱ्यांना गाईच्या पोटाचे चार कप्पे समजावून सांगत. गाईला चार आणि आपल्याला एकही नाही हा विचार त्यांच्या मनात येत नसे असे नाही. पण कार्यालयीन वेळेत ते तो येऊ देत नसत.

कार्यालयाने मात्र तो येऊ दिला. त्यांच्या आजारपणाच्या रजेचा अर्ज वरून परत आला. वर शेरा होता : ‘अवयव तात्पुरता काढला की कायमचा, याचा खुलासा व्हावा.’ वैजनाथांनी खुलासा केला. मग दुसरा शेरा आला : ‘कायमचा असल्यास सदर कर्मचारी भोजनाची सुट्टी घेणार किंवा कसे?’ वैजनाथांनी नम्रपणे कळवले की घेणार, परंतु सहा वेळा. त्यानंतर ती फाइल खाली आलेली नाही.

शेजाऱ्यांचे उपाय वेगळे होते. समोरच्या सोजराबाईंच्या मते पोटातली पिशवी पुन्हा वाढते, माणसाने धीर धरावा आणि कच्ची पपई खावी. दुसऱ्या एकाने बोकडाची पिशवी शिजवून खायला सांगितली, जे कमी ते खावे या न्यायाने. वैजनाथांनी दोन्ही सल्ले ऐकून घेतले. आपल्या दुखण्याबद्दल आपल्याला सगळ्यांत कमी कळते, हे गावात राहणाऱ्या माणसाने लवकर मान्य केलेले बरे.

गावाला एवढे ठाऊक होते की पोटाचे काहीतरी काढले. का काढले, ते गावात चार जणांनाच ठाऊक होते. वैजनाथ, त्यांची बायको पद्माबाई, मुलगी साधना आणि नांदेडला डबा पोहोचवणारे शेजारी उकंडराव. गाठ होती. घरात त्या शब्दाऐवजी ‘ते’ म्हणत. आदल्या वर्षी कळमनुरीची एक सोयरीक पक्की होत आली होती. अठ्ठावीस गुण जुळले होते. मग त्या लोकांना कुठून तरी ‘ते’ समजले आणि आठवड्याभरात पत्रिका जुळेनाशी झाली. त्यांनी वाईट शब्द एकही काढला नाही. साधनाने बी.एड. पूर्ण केले होते, चोवीस संपून पंचविसावे लागले होते. पद्माबाईंनी तेव्हाच ठरवले की पुढच्या वेळी लग्न लागेपर्यंत पोटाचा विषय काढायचा नाही.

पुढची वेळ म्हणजे हट्ट्याचे अमृतराव. हळदीचा मळा, घरचा ट्रॅक्टर, मुलगा रविंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. पोरगी पसंत होती, पोरगा पसंत होता. अडचण एवढीच होती की अमृतराव खाण्यासाठी प्रसिद्ध होते. एकोणनव्वद साली एका लग्नात त्यांनी एक्केचाळीस जिलब्या खाल्ल्या होत्या आणि मोजणारी माणसे अजून हयात होती. ज्याच्या मांडीला मांडी लावून जेवलो न्हाई त्याच्याशी सोयरीक करत न्हाई, असा त्यांचा निरोप मध्यस्थाबरोबर आला.

उकंडराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. कुठलाही प्रश्न दोन थांब्यांच्या आत सुटला पाहिजे असे त्यांना वाटे. त्यांनी सांगितले, साखरपुडा शुक्रवारी आहे ना, मग उपवास आहे म्हणा, संतोषीमातेचा. वैजनाथ म्हणाले, तो बायकांचा असतो. उकंडराव म्हणाले, भक्तीत काय महिलांसाठी राखीव सीट असते काय. वैजनाथांना यावर उत्तर सुचले नाही. पुढचे सगळे या एका न सुचलेल्या उत्तरातून झाले.

गुरुवारी दुपारी चार वाजता ही बातमी सोजराबाईंना लागली. सोजराबाईंनी हे व्रत तीनदा पुरे केले होते आणि या विषयात त्यांच्यावर गावात कोणी नव्हते. त्या उठून आल्या आणि त्यांनी पद्माबाईंना विचारले की घरात आंबट काय काय आहे. या व्रताला आंबट चालत नाही. करणाऱ्याला तर नाहीच, त्याच्या दारात जेवणाऱ्यालाही नाही. मे महिना होता. आचारी पेमा याने वरणासाठी चिंच भिजवली होती, कढीसाठी दही लावले होते, कैरीची चटणी वाटून ठेवली होती, आणि मठ्ठ्याचे दोन हंडे भरले होते. सोजराबाईंनी प्रत्येक भांड्याचे झाकण उचलून पाहिले. संध्याकाळपर्यंत सगळे बाहेर गेले. मठ्ठा दवाखान्यात आलेल्या एका म्हशीने प्यायला.

पेमाने तीस वर्षे पंगती रांधल्या होत्या. आंबटाशिवाय वरण म्हणजे नुसतं पाणी हाय, एवढेच तो म्हणाला. पण जिथे जिथे चिंच पडणार होती, तिथे तिथे त्याने गूळ टाकला. वरणात गूळ, वांग्यात गूळ, वाटाण्यात गूळ. लाडू तर होतेच. वैजनाथांना याची खंत नव्हती. त्यांना उपवास होता.

शुक्रवारी बारा वाजता पाने मांडली. उपवास ऐकून अमृतरावांना वाईट वाटण्याऐवजी बरे वाटल्यासारखे दिसले. पण उपवास असला तरी पाटावर बसा, त्याबिगर मी बसणार न्हाई, असे ते म्हणाले. वैजनाथ रिकामे पान घेऊन शेजारी बसले. अमृतरावांची जेवणाची रीत पाहण्यासारखी होती. ते सतत बोलत होते. याला लाडू वाढा, त्याला तूप वाढा, हा काहून हात आखडून राहिला. त्यांचा आवाज इतका मोठा होता की त्यांच्या स्वतःच्या पानातला लाडू आहे तसा आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. वैजनाथांच्या आले, कारण त्यांना दुसरे काम नव्हते. त्यांनी ते मोठेपणाचे लक्षण समजले.

तेवढ्यात सोजराबाई परात घेऊन आल्या. व्रताचा प्रसाद म्हणजे गूळ आणि फुटाणे. तो नाकारता येत नाही आणि पानात टाकता येत नाही. त्यांनी जाहीर केले की आज व्याह्यांनी एकमेकांना साखर न भरवता हाच प्रसाद भरवावा. अमृतरावांच्या पत्नी गोजरबाई काही बोलायला उठल्या आणि बसल्या. अमृतरावांनी मूठभर गूळ वैजनाथांच्या तोंडात घातला. वैजनाथांनी मूठभर अमृतरावांच्या. मुठी पाहुणचाराच्या मापाच्या होत्या. सोजराबाई परात धरून समोर उभ्या होत्या, दोघांचेही गिळून होईपर्यंत.

ही वेळ बारा वाजून बावीस मिनिटांची.

वैजनाथ मागच्या दाराने बाहेर पडले ते थेट शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. सरकारी क्वार्टर आणि दवाखाना यांच्यात एक कुंपण होते, त्यात एक भोक होते. आत गेल्यावर ते पेंडीच्या पोत्यांवर आडवे झाले. डोळे मिटले. मग त्यांना पोटाचा आवाज ऐकू आला, पण तो त्यांच्या पोटाचा नव्हता. रस्त्याकडच्या दाराने मागाहून आत शिरलेले अमृतराव औषधाच्या कपाटापाशी, लसीच्या खोक्यांवर पाय वर करून पडले होते. फेटा छातीवर होता आणि सदरा घामाने चिकटला होता.

आधी अमृतराव बोलले.

“किती काढलंय तुमचं?”

“सगळं.”

अमृतराव वरपक्षाला शोभेल अशा आवाजात म्हणाले, “आमचा तिसरा भाग शिल्लक हाय.”

चौऱ्याण्णव साली, औरंगाबादला, पोटातली जखम, म्हणजे अल्सर, फुटली म्हणून तीनपैकी दोन भाग काढले होते. हट्ट्यात सांगितले होते की अपेंडिक्स. त्यानंतरच्या नऊ वर्षांत अमृतरावांनी दुसऱ्यांना आग्रह करण्याची कला वाढवत नेली, कारण आग्रह करणाऱ्याच्या पानात कोणी पाहत नाही. त्यांनी विचारले की वैजनाथांचेही अल्सरनेच गेले का. वैजनाथ ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ दोन्हीकडे लागतो हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी तो लागू दिला.

बाहेर गलका वाढत होता. वैजनाथ म्हणाले, खरे काय ते सांगून टाकू. अमृतराव उठून बसले. तसे झाले तर हट्ट्यात तोंड दाखवता येणार नाही, एक्केचाळीस जिलब्यांचे नाव आहे. मग काय सांगायचे? भांडण झाले म्हणू, अमृतराव म्हणाले. भांडण कोणालाही पटते. कशावरून? लग्न कुठे लावायचे यावरून. तुमी शिरडला म्हणा, मी हट्ट्याला म्हणतो, चार दिवसांनी मी नमतं घेतो. धनसिंग दारात उभा राहून हे ऐकत होता. त्याला दोघांनीही शपथ घातली.

एक वाजून दहा मिनिटांनी दोघे वेगवेगळ्या दारांनी पंगतीत आले आणि भांडण झाल्याचे सांगितले. ते लगेच पटले.

पटले ते जरा जास्तच. वैजनाथांच्या भावकीने सांगितले की लग्न शिरडलाच होईल, नाही तर होणार नाही. हट्ट्याच्या लोकांनी सांगितले की वरात शिरडला न्यायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोक वैजनाथांना रस्त्यात थांबवून, बरं केलंत, नमू नका, असे सांगू लागले. अर्ध्या भाकरीच्या माणसाला एवढा मान पचवणे कठीण होते, पण तो पचला. चार दिवसांनी अमृतराव नमते घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने त्यांना घरात बसवले आणि खानदानाचे नाव घालवशील म्हणून दम भरला. हट्ट्याला एकाने मांडव सांगून टाकला. शिरडला दुसऱ्याने बँड सांगितला. सगळे तयार होते. फक्त लग्न मोडत चालले होते.

दोघे व्याही मात्र भेटत होते. पिशवी गेली की एक जीवनसत्त्व अंगात मुरत नाही, त्यासाठी वैजनाथांना महिन्याला इंजेक्शन लागे. ते दवाखान्यातच धनसिंग टोचत असे. त्याचा हात म्हशीवर बसलेला असल्याने माणसाला टोचताना तो आधी दंडावर थाप मारी. अमृतरावांचेही हात-पाय मुंग्या येऊन बधिर होत असल्याचे समजल्यावर वैजनाथांनी त्यांना वसमतच्या डॉक्टरांकडे धाडले आणि त्यांनाही तेच इंजेक्शन निघाले. म्हणून ज्येष्ठात अमृतराव आजारी बैल दाखवायचा आहे असे घरी सांगून शिरडला आले. बैल बरोबर आणावा लागला. तो ठणठणीत होता.

इंजेक्शननंतर दोघे पेंडीच्या पोत्यांवर बसून कोणाचे बरे चालले आहे याचा हिशोब लावत बसले. अमृतराव एका वेळी अख्खी भाकर खात, यात ते निर्विवाद वरचढ. पण वाकले की त्यांच्या तोंडात हिरवे कडू पाणी येई. त्यामुळे नऊ वर्षांत ते कोणाही वडीलधाऱ्याच्या पाया पडले नव्हते आणि भावकीत तो गर्व समजला जात होता. वैजनाथांना हिरवे पाणी नव्हते, ते खुशाल वाकत. पण त्यांचे एकोणीस किलो वजन गेले होते. आणि भूक लागत नसे. घड्याळ पाहून जेवावे लागे. एखादी वेळ चुकली तर हात थरथरत, पण खावेसे वाटत नसे.

“तुमाला भूक लागती?” त्यांनी अमृतरावांना विचारले.

“लागती की. तेच तर दुखणं हाय. भूक जुनीच, पिशवी नवी.”

कोणाचे बरे याचा निकाल त्या दिवशी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी साधनाला दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात बापाच्या इंजेक्शनच्या दोन फोडलेल्या बाटल्या दिसल्या. घरात घेणारा एक होता. तिने धनसिंगला विचारले. धनसिंगने शपथ मोडायला साधारण पाव मिनिट घेतले. मग ती बापासमोर येऊन बसली. ते त्यांची साडेदहाची अर्धी भाकर खात होते, म्हणजे तासभर उठणार नव्हते.

“त्यांचं अल्सरचं होतं. तुमचं कशाचं होतं हे सांगितलंय का?”

वैजनाथ चावत राहिले.

“रविवारी वसमतच्या बैठकीत सांगा. मी खोटं सांगून लग्न करणार नाही. मोडलं तर मोडलं.”

वसमतला भांडण मिटायचे होते. तो तोडगा उकंडरावांनी काढला होता. दोन्ही गावांच्या मधली जागा म्हणून उकंडरावांच्या जावयाच्या घरी बैठक आणि मग दोन्ही व्याह्यांनी सगळ्यांदेखत एका ताटात जेवायचे. इकडे भांडण असेच मिटवतात. एका ताटात जेवल्यावर ते पुन्हा काढता येत नाही. जेवणामुळे झालेल्या गोष्टीवर जेवणाचा उपाय आहे हे उकंडरावांना कळत होते. पण दुसरा उपाय त्यांना माहीत नव्हता.

जूनचा दुसरा रविवार. बारा वाजायला दहा मिनिटे. ओसरीवर दोन्हीकडची मिळून पन्नास माणसे बसली होती. मधोमध परातीएवढे ताट मांडले होते, त्यात पुरणपोळ्या, तुपाची वाटी, आणि आमरसाचे पातेले बाजूला. वैजनाथ आणि अमृतराव समोरासमोर बसले. दोघांनी ताटाला हात लावला आणि दोघांचेही हात तिथेच राहिले. दोन मिनिटे गेली. अमृतरावांच्या थोरल्या भावाने घसा साफ केला.

साधना माजघरातून आली. तिने ताट उचलून बाजूला ठेवले आणि दोघांपुढे एकेक वाटी ठेवली. वाटीत वरणात कुस्करलेली अर्धी भाकर होती. शेजारी रविंद्र उभा होता. त्याने आमरसाचे पातेले उचलून आत नेले. त्याला किती ठाऊक होते हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

उकंडरावांनी विचारले, हे काय.

“दोघांना एवढंच चालतं,” साधना म्हणाली.

अमृतराव भावाकडे न पाहता बोलले. “माझे दोन भाग काढलेत. चौऱ्याण्णवला.” हट्ट्याच्या एकाने हळूच विचारले, मग त्या जिलब्या? त्या एकोणनव्वदच्या, असे त्यांनी सांगितले. जिलब्या खऱ्या होत्या हे कळल्यावर हट्ट्याचे लोक थोडे सावरले.

“माझं सगळंच काढलंय,” वैजनाथ म्हणाले. भांडणाचेही त्यांनीच सांगितले. खोटे होते, दोघांचे मिळून होते. कोणी तरी हसले आणि ते हसू ओसरीभर पसरू लागले. बँडवाल्याला काय सांगायचे याची चर्चा एका कोपऱ्यात सुरू झाली. पद्माबाईंनी पदराने कपाळ पुसले. एवढ्यावर भागले असते.

माजघराच्या दारात गोजरबाई उभ्या होत्या. नवऱ्याचे पथ्य नऊ वर्षे त्यांनीच सांभाळले होते. भाग किती काढतात आणि कशाला काढतात याची त्यांना इतरांपेक्षा जास्त माहिती होती. त्या हसल्या नव्हत्या.

“जखमेला सगळं काढत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “तुमचं काहून काढलं?”

पद्माबाईंनी नवऱ्याकडे पाहिले आणि मान बारीक हलवली, नको अशी. वैजनाथांनी ती पाहिली. साधनाने खाली पाहिले.

“गाठ होती,” वैजनाथ म्हणाले. “कॅन्सरची.”

दोन वर्षांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. त्यांचा आवाज होता तसाच होता. फक्त वाटीवरचा हात थरथरू लागला होता. ते बोलण्यामुळे की साडेदहाचे खाणे चुकल्यामुळे, हे सांगता येण्यासारखे नव्हते.

गोजरबाई दारातून पुढे आल्या. वाटी त्यांनी वैजनाथांच्या जवळ सरकवली.

“हात थरथरून राहिला तुमचा. खाऊन घ्या आदी. मग बोलू.”

त्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या. वैजनाथांनी पहिला घास घेतला. अमृतरावांनीही घेतला आणि चावणे लवकर आटपू नये म्हणून की काय, तेही त्यांच्या बरोबरीने सावकाश चावू लागले. कोणी उठले नाही. अर्ध्या भाकरीला वैजनाथांना तासभर लागतो. एक वाजायला पाच मिनिटे असताना वाटीत दोन घास शिल्लक होते आणि सोयरिकीचे बोलायला गोजरबाई ते संपण्याची वाट पाहत बसल्या होत्या.